काचनेच्याची जागा

जेबेझ ऑर्मरॉडला माणसे आवडत नसत, आणि ही गोष्ट तो हॅगडेलमध्ये कुणापासून लपवतही नसे. गिरणीकामगारांसाठी लाकडी तळव्यांचे बूट करण्याचा त्याचा धंदा. गिऱ्हाइकाचे माप घेताना तो असा चेहरा करी, की चूक पायाचीच आहे. पाद्री त्याच्या डोळ्यांत सले, कारण पाद्री रानफुलांवर प्रवचने देई आणि कुरणातली दोन पिवळी फुले त्याला एकमेकांपासून ओळखता येत नसत. गिरणीमालकाच्या लेकीसुना त्याला नको असत, कारण त्या खुरपी घेऊन ओढ्याकाठी येत, मुळांसकट नेचे उपटून नेत आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत त्यांचा जीव घेत. पोती भरभरून नेचे शहरात विकणाऱ्यांचे तर नाव काढले तरी त्याच्या अंगाची लाही होई. आणि अलीकडे त्याला आणखी एक जात सापडली होती, झाडपाल्याचा पगार घेणाऱ्यांची.

"वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणे," तो ठोकाठोक करता करता म्हणे. "फुलं बघायचा पगार. उद्या चांदणं बघायची पेन्शन काढतील."

तो स्वतः जन्मभर फुलेच बघत आला होता, पण फुकट. इंग्लंडातल्या आमच्या लँकाशरच्या त्या खोऱ्यांत तेव्हा हे नवल नव्हते. मागावर बसणारा माणूस मागाच्या खांबाला वनस्पतींचे पुस्तक टेकवून लॅटिन नावे पाठ करी. 'नांगर' नावाच्या गुत्त्यात महिन्यातून एका रविवारी वनस्पती मंडळ भरे. विणकर, खाणीतले, एक न्हावी असे सगळे आपापल्या टोपीत जे काय आणले असेल ते टेबलावर टाकत. अध्यक्षाने एकेक काडी उचलायची, नाव मोठ्याने सांगायचे, मग ती काडी हातोहात फिरायची आणि प्रत्येकाने तेच नाव म्हणायचे. अध्यक्ष जेबेझ. त्याने नाव सांगितले की संपले. ज्याला वाद घालायचा असेल त्याने बाहेर जाऊन भिंतीशी घालावा.

एक नियम मात्र अध्यक्षाच्याही वरचा होता. टेबलावरच्या वनस्पतीबद्दल काहीही विचारा, पण ती कुठे सापडली हे विचारायचे नाही. ज्याच्या तोंडून 'कुठे' निघाले, त्याने सगळ्यांचे पेले भरायचे. हा नियम कुणी गंमत म्हणून केलेला नव्हता. एकाला सांगितलेली जागा दुसऱ्या रविवारी चौघांना ठाऊक होई आणि तिसऱ्या रविवारी तिथे नुसती माती उरे, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून ज्याला जे सापडले त्याची जागा त्याच्याच पोटात राही. मरताना तो ती एकाच माणसाला सांगून जाई.

नोआ बटरवर्थ नावाचा म्हातारा विणकर असाच गेला. त्याला एका घळीत, धबधब्याच्या मागे, एक नेचे सापडले होते. पान इतके पातळ की पलीकडचे बोट दिसावे. मंडळी त्याला काचनेचे म्हणत. आसपासच्या कुठल्याच खोऱ्यात ते नव्हते. नोआने मरताना जागा सांगितली ती जेबेझला. पोटच्या पोराला, एमॉसला, नाही सांगितली, कारण दुसऱ्या पेल्यानंतर एमॉसच्या जिभेला हाड राहत नसे. एमॉसने त्या दिवसापासून जेबेझला पाण्यात पाहिले. जेबेझनेही तो राग निवू दिला नाही. वर्षातून एकदा तो काचनेच्याचे एक पान आणी, टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवी, नाव सांगी आणि मग एमॉसकडे बघत पाइप पेटवी. जेबेझची बायको टॅबिथा चर्चला जाणारी, तिला तो रविवारचा गुत्ताच मान्य नव्हता. पण ती म्हणे की तो गुत्त्यात दारू पितो त्याचे एवढे नाही, एमॉसचे तोंड बघायला जातो त्याचे पाप मोठे.

जेबेझला मूल नव्हते. बहिणीचा मुलगा सेथ कर्शॉ त्याच्या दुकानातच वाढला. गिरणीतून सुटला की तो बाकावर येऊन बसे आणि मामा तळवे तासता तासता त्याला नावे शिकवी. पोरगा हुशार निघाला. रात्रीच्या वर्गाला गेला, शिष्यवृत्ती मिळवली, शहरातल्या नव्या कॉलेजात शिकला आणि आता तिथेच विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिके करून घ्यायला पगारावर होता. पाने चिरायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, आतल्या पेशी काढून दाखवायच्या.

"नाव कळलं म्हणजे झाड कळलं असं नसतं, मामा," तो एकदा म्हणाला. "आत काय चालतं ते बघायला लागतं."

"आत काय चालतं ते झाड बघून घेईल," जेबेझ म्हणाला. "तू नाव चुकवू नकोस म्हणजे झालं."

त्या वर्षीच्या वसंतात सेथ एका रविवारी 'नांगर'मध्ये आला. अंगात काळा कोट, पायात कातडी बूट. कुणी सरकून जागा दिली नाही. टेबलावर काचनेच्याचे पान होते, नुकतेच फिरून परत आले होते. सेथने ते उचलले, खिशातले भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे कुठलं, मामा? कुठे सापडतं?"

टेबलाभोवती कुणी हसले नाही. न्हाव्याने शांतपणे आपला रिकामा पेला सेथसमोर ठेवला. मग दुसऱ्याने ठेवला, मग सगळ्यांनी.

सेथने सगळ्यांचे पेले भरून दिले आणि पुन्हा म्हणाला, "चेष्टा नाही करत मी. आमच्या प्राध्यापकांना मी या पानाबद्दल सांगितलं. पेंडलबरी म्हणतात, हे इकडे उगवणं शक्यच नाही. कुणीतरी आयर्लंडहून वाळकं पान आणलंय आणि तुम्ही लोक ते वर्षानुवर्षं फिरवताय."

"वाळकं?" एमॉस टेबलाच्या टोकाकडून म्हणाला. "तुझ्या बोटाला पाणी लागलंय, ते काय पेंडलबरीच्या नाकातलं?"

सगळे हसले. पण जेबेझ हसला नाही. खोटारडा हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, तरी त्याला तो नीट ऐकू आला होता.

सेथ त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत आला, आणि टॅबिथाने भाजलेले बटाटे ताटात वाढल्यावर त्याने खरी गोष्ट काढली. कॉलेजने वाळलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह करायला घेतला होता. तो सांभाळायला माणूस हवा होता. पगारी जागा, कायमची, दारावर नावाची पाटी. "मी तुझं नाव सुचवलंय, मामा. पण तुझ्या सगळ्या वाळवलेल्या वनस्पती संग्रहात द्याव्या लागतील, आणि प्रत्येकीखाली जागा लिहावी लागेल. जागेशिवाय आमच्याकडे तिला किंमत नाही."

"मग नकोत. गवत समजून गाढवांना घाला."

"मामा, खोकला कसाय तुझा?"

ते विचारायला नको होते. बुटांचे तळवे ज्या लाकडाचे होत त्याचा भुसा जेबेझच्या छातीत बसला होता. नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात तो बाकावर बसून खोकला की रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाई. डॉक्टरने टॅबिथाला बाजूला घेऊन सांगितले होते की अजून एक हिवाळा त्या बाकावर काढला तर हा बाकावरून उठणार नाही.

सेथ गेल्यावर टॅबिथाने ताटे उचलली नाहीत. "तू हो म्हणणार आहेस," ती म्हणाली.

"मी त्या पगारखाऊंच्या दारात पायसुद्धा ठेवणार नाही."

"मग मेलास की तुला कुणाच्या शेजारी पुरू ते सांगून ठेव. तुझं कुणाशीच जमत नाही."

खरे सांगायचे तर जेबेझला ती जागा हवी होती. खोकला हे निमित्त. आयुष्यभर लोकांनी त्याला बूटवाला म्हणून हाक मारली होती आणि झाडांचे त्याचे वेड म्हणजे एक खूळ, असे धरले होते. दारावर आपले नाव असावे, सकाळी उठून झाडांकडे जावे आणि त्यालाच लोकांनी काम म्हणावे, याची त्याला इतकी हाव होती की तिची त्याला लाज वाटे. म्हणून तर पगारी लोकांना तो एवढ्या शिव्या देत होता.

कॉलेजात पेंडलबरींनी त्याला उभेच ठेवले. नीटनेटका, वयाने सेथहून फार मोठा नसलेला माणूस. त्यांनी ताटलीत ठेवलेली गवताची काडी पुढे केली. जेबेझने नाव सांगितले. दुसरी केली, तेही सांगितले. मग पेंडलबरी म्हणाले, "ठीक. नावं तुम्हाला येतात. पूर्वीच्या काळी एवढ्यावर भागत असे. घरच्या सुनाही फुलांची नावं पाठ करत. आता हा अभ्यासाचा विषय झालाय. तुमचं ते नेचं कुठे वाढतं?"

"आमच्याकडे असं विचारत नाहीत."

"आमच्याकडे तेच आधी विचारतात. कुठे, केव्हा, कशावर, किती उंचीवर. यातलं काही नसेल तर ती शोभेची वस्तू झाली. मिस्टर ऑर्मरॉड, कुणी तुम्हाला खोटारडा म्हटलं तर तुम्ही काय दाखवणार?"

सेथ खिडकीपाशी उभा होता. तो आता मामा म्हणत नव्हता. "तुम्ही सांगून टाकलंत तर बरं होईल, मिस्टर ऑर्मरॉड," तो म्हणाला. दुकानाच्या बाकावर बसून मामाच्या ताटातले खाणारा तो पोरगा, आणि आता त्याला अहोजाहो करत होता. जेबेझला वाटले, याच्या एक कानफटात द्यावी. त्याने दिली नाही. त्याच्या मनात आले की नोआ मेला, त्याला आता काय फरक पडतो. आणि या नीटनेटक्या माणसाला एकदा त्या धबधब्याखाली नेऊन, नाक त्या पानांवर टेकवून दाखवावे.

"कोल्डक्लफची घळ," तो म्हणाला. "वरचा धबधबा. पाण्याच्या मागे कपार आहे, डाव्या हाताला."

पेंडलबरींनी मान डोलावली आणि म्हणाले, शनिवारी जाऊन पाहू. खरे निघाले तर नेमणुकीचे पत्र सोमवारी.

जेबेझची कल्पना होती की दोघे येतील, फार तर तिघे. शनिवारी स्टेशनवर आख्खा वर्ग उतरला. कोवळी पोरे, खांद्याला पत्र्याचे डबे, पायांत नवे बूट, तोंडाने गाणे. जेबेझने सेथला बाजूला ओढले. "ही वरात कशाला?"

"वर्गाची सहल आहे. नियमच आहे तसा."

"मी दाखवेन म्हणालो होतो. वाटेन म्हणालो नव्हतो."

"दाखव रे, मामा," सेथ खालच्या आवाजात म्हणाला. "सोमवारी पत्र आहे."

चढण उभी होती आणि जेबेझ दर वळणावर खोकत थांबत होता. धबधब्याशी पोचल्यावर त्याने एकट्या पेंडलबरींना पाण्यामागे नेले. कपारीच्या ओल्या दगडावर काचनेचे पसरले होते, हिरवे, पाण्याने निथळणारे, जिवंत. पेंडलबरी गुडघ्यांवर बसले. मग उठून त्यांनी जेबेझचा हात हातात घेतला. "मी चूक होतो," ते म्हणाले. "तुमची क्षमा मागतो." त्यांनी ते मनापासून म्हटले होते. जेबेझच्या उभ्या आयुष्यात कुणी शिकलेल्या माणसाने त्याला असे म्हटले नव्हते, आणि त्या घटकेला त्याला ते फार गोड लागले.

मग पेंडलबरींनी मुलांना हाक मारली. "रांगेत या. परीक्षेसाठी प्रत्येकाने आपला नमुना घ्यायचा. प्रत्येकी एकच पान, जास्त नाही."

एकच पान, हे त्यांनी दोनदा बजावले. जंगलतोड्या माणूस नव्हता तो. पण काचनेच्याचे पान एकटे निघत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याचे खोड म्हणजे दोऱ्यासारखे, दगडावर सरपटत जाणारे, एकात एक अडकलेले. हलक्या हाताने नखाने तोडले तर ठीक, नुसते ओढले तर मागचा विताएवढा पापुद्रा सुटून येतो. पहिल्या पोराने ओढले आणि तसेच झाले. जेबेझने ते पाहिले. सेथनेही पाहिले. सेथने त्याच्याकडे पाहिले आणि मग आपल्या बुटांकडे.

थांबा म्हणायला एक शब्द पुरला असता. जेबेझच्या तोंडापर्यंत तो आला होता. पण म्हटले असते तर हा म्हातारा अजून गुत्त्यातलाच आहे, जागा सांगून वर दगडावर पहारा देतो, असे ठरले असते. आणि पत्र सोमवारी होते. तो कपारीला पाठ टेकून उभा राहिला. पोरे एकामागून एक आत आली, ओढून गेली, 'आभारी आहे, सर' म्हणत गेली. जन्मात त्याला पहिल्यांदाच कुणी सर म्हणत होते. शेवटच्या पोराला दगडाच्या फटीत बोट घालून खरवडावे लागले.

पत्र सोमवारी आले.

पुढच्या रविवारी जेबेझ 'नांगर'मध्ये गेला. न जाणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. टेबलावर वनस्पती नव्हती, ओला दगडाचा एक तुकडा होता, आणि त्यामागे एमॉस बसला होता, पेल्याला हात न लावता.

"चिखलात बुटांच्या खुणा होत्या," एमॉस म्हणाला. "एवढ्या की आंधळासुद्धा पोचला असता. माझ्या बापाची जागा मला तुझ्या पोरांच्या पावलांनी दाखवली, जेबेझ."

"ती माझी पोरं नाहीत."

"मग कुणाची? पगार तू घेणार ना?"

"तुला सांगितली असती तर तू दुसऱ्या दिवशी पेल्यावर विकली असतीस."

"असेल," एमॉस म्हणाला. "मी दारूवर विकली असती. तू कशावर विकलीस?"

जेबेझकडे उत्तर तयार असे, नेहमी. त्याने एमॉसला गाढव म्हटले, मंडळाला गाढवांचा गोठा म्हटले, सांगितले की गुत्त्यात काड्या फिरवण्याचे दिवस संपले, आता हे शिकलेल्यांचे काम आहे आणि तुम्ही तुमचे माग सांभाळा. पेंडलबरींचेच शब्द होते ते, नुसता आवाज त्याचा. न्हाव्याने दार उघडून धरले. त्या गुत्त्यात तो पुन्हा गेला नाही, आणि कुणी बोलावलेही नाही.

कॉलेजातले काम त्याला जमले. उबदार खोली, मोठ्या खिडक्या, लाकडाचा भुसा नाही. खोकला हळूहळू गेला. टॅबिथा शहरातल्या नव्या घरात शेजारणींना सांगे की आमचे हे वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. ती तसे म्हणाली की तो खेकसे आणि मग दिवसभर त्याला बरे वाटे. विद्यार्थ्यांना तो आवडत नसे, शिपायांना आवडत नसे, आणि तेवढे एक जुने सुख त्याला इथेही पुरत होते.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी पेंडलबरी आणि सेथ त्याच्या खोलीत आले आणि तपासलेल्या नमुन्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. प्रत्येक कागदावर चिकटवलेले एकेक काचनेचे, तपकिरी पडलेले, खाली सुबक अक्षरात: कोल्डक्लफ, वरचा धबधबा, पाण्यामागची कपार.

"यातला चांगला एक संग्रहात ठेवा," पेंडलबरी म्हणाले. "बाकीचे काढून टाका. एवढे ठेवायला कपाट नाही आपल्याकडे."

"काढून टाका म्हणजे?"

"शेगडीत," सेथ म्हणाला, दुसरीकडे बघत.

जेबेझने गठ्ठा समोर ओढला. एकेक कागद उचलून तो उजेडात धरू लागला. घाई केली नाही. एक निवडून बाजूला ठेवला. मग उरलेले उचलून शेगडीशी गेला आणि थोडेथोडे करून आत सारले. कोरडा पाला, लगेच पेटला. त्याला सेथचा राग आला, पेंडलबरींचा आला, एमॉसचा आला, नोआचासुद्धा आला की मेल्याने जागा सांगितलीच कशाला. सगळ्यांचा येऊन झाल्यावरही राग उरला, आणि तो कुणाचा हे त्याला कळत होते.

"उत्तम," पेंडलबरी म्हणाले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "पुढच्या वर्षीच्या वर्गाला काय द्यावं? एखादं ऑर्किड बरं. तुमच्या त्या डोंगरात आणखी काही आहे ना, जे कुणाला माहीत नाही?"

होते. नोआसारख्या एकेकाने मरताना त्याच्या कानात ठेवलेले सगळे होते, आणि आता जगात दुसऱ्या कुणालाही ते ठाऊक नव्हते. नाही म्हणावे असे त्याच्या मनात आले. पण नाही म्हटल्यावर हा माणूस त्याला इथे कशासाठी ठेवील, हेही लगोलग मनात आले.

तो येऊन खुर्चीत बसला, घसा साफ केला आणि सांगू लागला.